हंटरवाली आणि तिची बेटी

परवा दादरला मावशीकडे जमलो होतो. २०२३ च्या ‘इंडियाना जोन्स’वरून भाचा म्हणाला, "ऐंशीच्या घरातला माणूस घोडा पळवतो, पटतं तरी का? सीक्वेल म्हणजे पैसे उकळायचा धंदा!"

म्हटलं, बाळा, हा धंदा आपल्या परळचाही आहे. वाडिया मूव्हिटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ चा. नायिका नादिया, ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. चाबूक, घोडा, मारामाऱ्या, सगळं स्वतः करायची! पुढे जेबीएच आणि होमी या वाडिया बंधूंचे मार्ग वेगळे झाले. होमींनी १९४२ मध्ये ‘बसंत पिक्चर्स’ काढली आणि १९४३ मध्ये आणला ‘हंटरवाली की बेटी’. आठ वर्षांनी बेटी आली, पण नायिका पुन्हा नादियाच, आता पस्तिशीची! वाडियांच्या परळच्या जुन्या स्टुडिओत तोवर शांतारामबापूंचं राजकमल उभं राहिलं होतं.

पटण्यासारखं होतं का? मुळीच नाही. नव्या कंपनीला हमखास चालणारं नाव हवं होतं, हेही खरंच.

पण आमची आजी लालबागच्या चाळीतली. चौदाव्या वर्षी चोरून ‘बेटी’ पाहिला, घरी मार खाल्ला. म्हणायची, "खरं-खोटं कोण बघतंय? एक बाई पुरुषांना लोळवत होती. त्या रात्री पदर खोचून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले."

भाचा गप्प. मावशी मात्र डोळे पुसत हसत होती.

असो. दुसरा भाग कशासाठी काढतात, ते निर्माता जाणे. आपण कशासाठी बघतो, ते आजीला ठाऊक होतं.