मायक्रोप्रोसेसर : व्यक्तिगत संगणकाचा प्रारंभकाळ

आज्ञा वाचून त्यांची क्रमाने अंमलबजावणी करणारा संगणकाचा समग्र विभाग सिलिकनच्या एकाच चकतीवर सामावणारे एकात्म मंडल म्हणजे मायक्रोप्रोसेसर. बिझिकॉम या जपानी गणकयंत्र-कंपनीच्या मागणीवरून सिद्ध झालेला इंटेलचा ४००४ नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते व तो एका वेळी चार बिटांचेच काम करी. आठ बिटांच्या ८०८० वर १९७५ मध्ये आल्टेअर ८८०० हा व्यक्तिगत संगणक उभा राहिला. तर केवळ २५ डॉलरांस मिळणाऱ्या ६५०२ ने १९७७ मध्ये ॲपल टू घडविला.

महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मात्र खरा मान मिळाला तो ८०८५ ला. ८०८० ला तीन निरनिराळे विद्युतदाब लागत, ८०८५ ला पाच व्होल्टांचा एकच पुरे. सबब प्रयोगशाळेतील संच स्वस्त व सुटसुटीत झाला. सोळा अंकचिन्हांच्या कळांवर विद्यार्थी आधी स्मृतिस्थानाचा पत्ता आणि मग कागदावर हाताने उतरवलेले संकेत एकेक करून भरी : ‘३ई’ म्हणजे पुढील संख्या संचयकात घे, ‘७६’ म्हणजे थांब. दर्शकावरील चार आकडे पत्त्याचे, उरलेले दोन त्या ठिकाणच्या मजकुराचे. रमेश गावकर यांच्या १९८४ च्या पाठ्यपुस्तकावर या देशातील कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. बाजारातून केव्हाच मागे पडलेला हा प्रोसेसर अभ्यासक्रमात दीर्घकाळ टिकला, आणि ते योग्यच झाले. कारण यंत्राचे अंतरंग इतक्या उघडपणे दाखविणारा दुसरा शिक्षक विरळा.

ऑगस्ट १९८१ च्या आयबीएम पीसीने ८०८८ ची निवड केली. हा आतून सोळा बिटांचा, परंतु बाहेरची ये-जा आठच तारांवरून करणारा. त्यामुळे सोळा बिटांची संख्या त्यास दोन खेपांत आणावी लागे, पण आठ बिटांची स्वस्त जोडमंडले त्यास चालत. रचनेच्या सौष्ठवात मोटोरोलाचा ६८००० सरस होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि इंटेलच्या वंशाने प्रत्येक नव्या पिढीत जुन्या प्रोग्रॅमांची जी बूज राखली, तीच ग्राहकांस अधिक मोलाची वाटली.

भारत सरकारच्या नोव्हेंबर १९८४ च्या संगणक-धोरणाने आयातीवरील जकात व परवान्यांचे निर्बंध शिथिल केले. पुढे ग्रँट रोड स्थानकालगतच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असे सुटे भाग आणून ‘असेम्बल्ड’ पीसी जुळविण्याचा परिपाठ मुंबईत रूढ झाला, आणि ३८६ व ४८६ ही इंटेलच्या नव्या प्रोसेसरांची नावे पश्चिम रेल्वेच्या लोकलने मीरा रोडच्या नया नगरसारख्या वस्त्यांपर्यंत पोचली.

इंटेलच्या याच वंशातील पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व १९५० साली पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांनी केले. मार्च १९९३ मध्ये आलेल्या या प्रोसेसरात सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर होते, आणि १९७८ च्या ८०८६ साठी लिहिलेल्या आज्ञा त्यालाही समजत.