नेमावाशी

नेमावाशी ही जपानमधील कार्यालयीन निर्णयप्रक्रियेत रूढ असलेली एक पद्धत आहे. एखादा प्रस्ताव औपचारिक बैठकीत मांडण्यापूर्वी संबंधित व्यक्तींना स्वतंत्रपणे भेटून त्यांचे मत व आक्षेप जाणून घेणे, त्यांनुसार प्रस्तावात फेरफार करणे आणि सर्वांची संमती मिळवणे, असे तिचे स्वरूप असते. उद्योगांप्रमाणेच शासकीय कचेऱ्या व राजकारण यांतही ती प्रचलित आहे.

व्युत्पत्ती

ही संज्ञा मूळची उद्यानकलेतील आहे. जपानी भाषेत 'ने' म्हणजे मूळ आणि 'मावासु' म्हणजे फिरवणे. मोठा वृक्ष दुसरीकडे हलवण्याच्या कितीतरी आधी त्याच्या भोवताली खणून काही मुळे छाटतात. त्यामुळे खोडालगत नवी तंतुमुळे फुटतात आणि स्थलांतरानंतर वृक्ष तग धरतो. पूर्वतयारीवाचून हलवलेले झाड वाळण्याचा धोका असतो, हा या रूपकाचा आशय आहे.

सांस्कृतिक पार्श्वभूमी

जपानी समाजात 'वा', म्हणजे सामंजस्य, हे मूल्य प्राचीन काळापासून मानले जाते. राजपुत्र शोतोकू याच्या नावे असलेल्या व परंपरेने इ.स. 604 मधील मानल्या जाणाऱ्या सतरा कलमी संविधानाचे पहिले कलम सामंजस्याविषयी आहे, तर महत्त्वाचे निर्णय एकट्याने घेऊ नयेत, असे शेवटचे कलम सांगते.

मनातील खरे मत (होन्ने) आणि चारचौघांत व्यक्त केली जाणारी भूमिका (तातेमाए) यांत जपानी व्यवहारात भेद केला जातो. सहकाऱ्याच्या, विशेषतः वरिष्ठाच्या, प्रस्तावाला सर्वांसमक्ष विरोध केल्यास त्याची अप्रतिष्ठा होते, अशी समजूत आहे. खाजगी भेटीत मात्र हाच विरोध कोणाचाही मान न दुखावता नोंदवता येतो. नेमावाशीमुळे अशा मतभेदाला वाट मिळते.

कार्यपद्धती

प्रस्तावाचा मसुदा बहुधा मधल्या स्तरावरील कर्मचारी तयार करतो. तो आपल्या विभागातील सहकारी, प्रस्तावाची झळ पोहोचणारे अन्य विभाग आणि वरिष्ठ यांच्याशी बोलतो. या भेटी कार्यालयात होतात, तशाच 'नोमिकाई' या सायंकालीन खानपानाच्या मेळाव्यांतही होतात. सहमती झाल्यावर 'रिंगीशो' हा लेखी प्रस्ताव विभागांतून फिरवला जातो व प्रत्येक जण त्यावर आपला 'हांको' (शिक्का) उमटवतो. त्यामुळे बैठकीत पुष्कळदा आधीच ठरलेल्या गोष्टीला केवळ मान्यता दिली जाते.

परकीयांशी व्यवहार

ही पद्धत ठाऊक नसल्यास गैरसमज होतात. बैठकीत ऐनवेळी नवी सूचना मांडून लगेच निर्णय मागणे अनुचित समजले जाते. संभाषणातील 'हाइ' हा शब्द 'होय' या अर्थाचा असला, तरी अनेकदा तो केवळ 'ऐकत आहे' एवढेच सुचवतो. त्याला संमती समजणे चुकीचे ठरू शकते. 'मुझुकाशी' (अवघड आहे) आणि 'केंतो शिमासु' (विचार करू) हे पुष्कळदा सौम्य नकार असतात. म्हणून प्रस्तावाची कागदपत्रे बैठकीच्या बऱ्याच आधी पाठवणे आणि संपर्कातील व्यक्तीकडून कोणाकोणाची संमती लागेल हे जाणून घेणे उपयुक्त ठरते.

मूल्यमापन

जेफ्री लायकर यांनी 'द टोयोटा वे' (2004) या ग्रंथात टोयोटाची चौदा तत्त्वे मांडली आहेत. निर्णय सावकाश व सहमतीने घ्यावा आणि अंमलबजावणी वेगाने करावी, या तेराव्या तत्त्वाच्या विवेचनात नेमावाशीचा समावेश आहे. आक्षेप आधीच निकालात निघालेले असल्याने पुढील काम विनाअडथळा चालते, हा तिचा मुख्य लाभ होय.

निर्णयास विलंब लागणे, जबाबदारी विभागली जाऊन चुकीचा जाब कोणालाच विचारता न येणे आणि धाडसी कल्पना बोथट होणे, हे तिचे दोष मानले जातात. कामाच्या वेळेनंतर थांबू न शकणारे कर्मचारी सायंकालीन चर्चांतून वगळले जातात. 2020 मध्ये कोविड साथीच्या काळात केवळ शिक्का उमटवण्यासाठी कार्यालयात जावे लागत असल्याबद्दल टीका झाली. त्याच वर्षी प्रशासकीय सुधारणा मंत्री तारो कोनो यांनी शासकीय कामकाजातील हांकोचा वापर कमी करण्याची मोहीम हाती घेतली. संगणकीय मंजुरीमुळे रिंगीशो फिरवण्याचा वेळ वाचतो. मंजुरीपूर्वी मने वळवण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.