नेटवर्किंगच्या परीक्षा आणि हाताचा सराव : मॉरिसव्हिल परिसरातील मंडळींसाठी



मॉरिसव्हिल, कॅरी, एपेक्स, डरहॅम या भागात चार मराठी घरे एकत्र जमली, की सीसीएनएचा विषय हमखास निघतो. कारण उघड आहे. सिस्कोचे मोठे आवार शेजारीच, रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये किट क्रीक रोडवर आहे, आणि लेनोव्होचे अमेरिकेतील मुख्यालय तर मॉरिसव्हिलमध्येच आहे. सिस्कोची सर्वांत अवघड परीक्षा सीसीआयई. ती 1993 साली सुरू झाली आणि तिच्या प्रात्यक्षिकाचे एक केंद्र अनेक वर्षे या पार्कमध्ये होते. ही प्रात्यक्षिक परीक्षा 2001 पर्यंत दोन दिवस चालायची, त्यानंतर ती 8 तासांची झाली. (गंमत म्हणजे सीसीआयईचा पहिला क्रमांक, 1024, कोणा माणसाला मिळाला नाही. तो प्रयोगशाळेलाच देण्यात आला होता.)

हा लेख मात्र सुरुवातीच्या दोन परीक्षांबद्दल आहे : सिस्कोची सीसीएनए आणि कॉम्पटियाची नेटवर्क प्लस. आम्हाला सर्वांत जास्त विचारणा होते ती एच-4 व्हिसावर आलेल्या आणि मुलांच्या संगोपनात नोकरीत पाच-सात वर्षांचा खंड पडलेल्या भगिनींकडून. भारतात इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरची पदवी झालेली असते, पण मुलाखतीत "अलीकडे काय केले?" या प्रश्नाला उत्तर नसते. प्रमाणपत्राने ते उत्तर थोडे मिळते. खरे उत्तर मिळते ते हाताने केलेल्या कामातून, आणि सराव कसा करावा हे सविस्तर सांगणे एवढ्याचसाठी हा खटाटोप आहे.

व्हिसाबद्दल थोडक्यात. एच-4 वर शिकायला आणि परीक्षा द्यायला अडचण नाही. नोकरीसाठी वर्क परमिट लागते. 2015 च्या नियमानुसार जोडीदाराचा आय-140 मंजूर झाला असेल किंवा एच-1 सहा वर्षांपुढे वाढला असेल तर ते मिळू शकते. विनावेतन काम करण्यापूर्वीसुद्धा वकिलांना विचारा.

परीक्षांचे स्वरूप

सीसीएनए 1998 पासून आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये तिच्यात मोठा बदल झाला. अनेक शाखा जाऊन 200-301 या क्रमांकाची एकच परीक्षा आली, वेळ 120 मिनिटे. 2024 मध्ये तिची फी 300 डॉलर होती. उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात हे सिस्को जाहीर करत नाही. एकदा पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही. नापास झाल्यास पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते, अर्थात फी पुन्हा भरून. नेटवर्क प्लसची एन10-009 ही आवृत्ती जून 2024 मध्ये आली. तिच्यात 90 मिनिटांत जास्तीत जास्त 90 प्रश्न असतात आणि 900 पैकी 720 गुण लागतात. दोन्ही परीक्षांत नुसते पर्याय निवडायचे प्रश्न नसतात, काही प्रश्नांत समोर दिलेले नेटवर्क प्रत्यक्ष जुळवावे लागते. घोकंपट्टी करणाऱ्यांची गाडी तिथेच अडते.

"डम्प्स", म्हणजे फुटलेले प्रश्न, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : त्यांच्या वाटेला जाऊ नये. परीक्षेआधी आपण गोपनीयतेच्या करारावर संमती देतो. तो मोडल्यास निकाल रद्द होऊ शकतो आणि पुढे परीक्षेला बसण्यावर बंदी येऊ शकते. शिवाय मुलाखत घेणारा फळ्यावर दोन राउटर आणि तीन स्विच काढतो आणि म्हणतो, "हा कॉम्प्युटर त्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही. कुठून सुरुवात कराल?" पाठ केलेली तीनशे उत्तरे त्या वेळी काही कामाला येत नाहीत.

सरावाची साधने

सुरुवातीला एक पैसाही खर्च करू नका. सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. सीसीएनएचा बहुतेक अभ्यासक्रम त्यात करता येतो. ते खऱ्या उपकरणाची नक्कल असल्याने काही आज्ञा त्यात चालत नाहीत, तिथे गोंधळून जाऊ नये. पुढची पायरी म्हणजे सिस्को मॉडेलिंग लॅब्ज. तिची पाच उपकरणांपर्यंतची मोफत आवृत्ती 2024 च्या अखेरीस आली. तिच्यात सिस्कोचे खरे सॉफ्टवेअर चालते, पण लॅपटॉपला मेमरी बरी हवी. जीएनएस3 आणि ईव्ह-एनजी हीसुद्धा चांगली साधने आहेत, मात्र राउटरचे सॉफ्टवेअर त्यांच्याबरोबर येत नाही. ते परवाना असलेले हवे, कुठून तरी उतरवलेले नको.

जुनी उपकरणे घ्यावीत का, हा प्रश्न नेहमी येतो. परीक्षेसाठी त्यांची गरज नाही. पण कन्सोल केबल कधीच हातात धरली नसेल तर एखादा जुना 1941 राउटर आणि 2960 स्विच ईबेवरून घ्यायला हरकत नाही. बरेचदा त्यात आधीच्या मालकाचा पासवर्ड तसाच असतो. ही आपत्ती समजू नका, हाच पहिला धडा. राउटर सुरू होताना ब्रेक देऊन कॉन्फिगरेशन रजिस्टर 2142 करायचे, म्हणजे तो जुनी मांडणी न वाचता उठतो. काम झाल्यावर रजिस्टर आठवणीने पुन्हा 2102 करायचे. एकदा केले की जन्मात विसरत नाही. एक सूचना : या उपकरणांचे पंखे फार आवाज करतात, झोपण्याच्या खोलीत ठेवू नका. आणि घराच्या चालू इंटरनेट राउटरवर प्रयोग करू नका. जोडीदाराची ऑफिसची मीटिंग आणि भारतातून आलेल्या आईंची मालिका एकाच वेळी बंद पडली, तर अभ्यासाला घरातून पाठिंबा राहत नाही!

मांडा, मोडा, दुरुस्त करा

पुस्तकातली आकृती पाहून जशीच्या तशी मांडणे हा अर्धाच सराव. ती चालू झाली की आपण फाइल सेव्ह करून झोपतो. आमचा आग्रह आहे की चालू झालेले नेटवर्क मुद्दाम बिघडवावे आणि दुसऱ्या दिवशी वेळ लावून दुरुस्त करावे. घरात आणखी कोणी या क्षेत्रातले असेल तर बिघडवण्याचे काम त्यांना द्या. ते फार आनंदाने करतात.

एक उदाहरण पूर्ण घेऊ. 192.168.10.0/26 आणि 192.168.10.64/26 असे दोन सबनेट घ्या, प्रत्येकात 62 वापरण्याजोगे पत्ते. दोन व्हीलॅन, एक स्विच, एक राउटर. राउटर आणि स्विचमध्ये एकच केबल, तिच्यावर ट्रंक, राउटरवर दोन उपइंटरफेस. एका व्हीलॅनमधल्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्यातल्या कॉम्प्युटरला पिंग जाऊ लागले की मोडायला सुरुवात करा. एका कॉम्प्युटरचा सबनेट मास्क चुकीचा द्या. राउटरचा मुख्य इंटरफेस शटडाउन करा. ट्रंकवरच्या परवानगीच्या यादीतून एक व्हीलॅन काढा. डीएचसीपी बंद करा आणि कॉम्प्युटरला 169.254 ने सुरू होणारा पत्ता मिळाल्याचे पाहा. प्रत्येक बिघाडाचे वरून दिसणारे लक्षण जवळपास एकच, "पिंग जात नाही". शोधायचा मार्ग मात्र दर वेळी वेगळा. आधी केबल आणि दिवा, मग व्हीलॅन, मग पत्ता आणि मास्क, मग गेटवे, मग राउट, शेवटी ॲक्सेस लिस्ट, असे खालून वर जायची सवय लागली, की परीक्षेत आणि नोकरीत घाबरायला होत नाही.

पुढे तीन स्विच त्रिकोणात जोडा. एका पोर्टचा दिवा नारिंगी राहील. का, ते शोधा. जुन्या स्पॅनिंग ट्रीत हिरवा दिवा लागायला सुमारे 30 सेकंद का जातात, तेही पाहा. मग विचार करा : तिघांनाही 32768 ही मुळातली प्रायॉरिटी आहे, तर रूट कोण होईल? ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान, तो. म्हणजे बरेचदा सर्वांत जुना, सर्वांत संथ स्विच साऱ्या नेटवर्कचा कर्ता होऊन बसतो. पुस्तकात हे एका ओळीत असते. डोळ्यांनी पाहिल्यावर रूट आपण का ठरवावा हे कळते.

ओएसपीएफमध्ये एका बाजूचा हॅलो टाइमर 10 चा 5 करा, शेजारीपण तुटेल. एरिया वेगळा द्या, तसेच होईल. ॲक्सेस लिस्टमध्ये फक्त एक परवानगीची ओळ लिहा आणि बाकी सगळे का अडले ते पाहा. शेवटी न दिसणारी नकाराची ओळ असतेच. नॅटमध्ये आत आणि बाहेर या बाजू उलट लावा.

यासाठी एक वही करा. लक्षण काय होते, कोणती "शो" आज्ञा दिली, कारण काय निघाले, किती मिनिटे लागली, एवढेच लिहायचे, आणि मराठीत लिहिले तरी चालेल. महिन्याभरात 45 मिनिटांचे काम 12 मिनिटांवर आलेले दिसेल. मुलाखतीत "अलीकडे काय केले?" असे विचारले की याच वहीतील दोन-तीन बिघाड सांगता येतात.

वेळ किती लागेल? घर सांभाळून रोज दीड-दोन तास मिळत असतील तर सीसीएनएसाठी पाच-सहा महिने धरावेत, असे आमचे मत. एकट्याने जमत नसेल तर वेक टेक कम्युनिटी कॉलेजचा आरटीपी कॅम्पस 2018 पासून मॉरिसव्हिलमध्येच आहे. नॉर्थ कॅरोलायनातील कम्युनिटी कॉलेजांच्या अभ्यासक्रमात नेट 125 आणि नेट 126 हे विषय याच परीक्षेच्या वाटेवरचे आहेत. राज्यातील रहिवाशांची फी बाहेरच्यांपेक्षा खूपच कमी असते, त्यामुळे प्रवेशाआधी रहिवासाचा अर्ज भरा. रहिवास सिद्ध करायला साधारणपणे 12 महिन्यांचे वास्तव्य दाखवावे लागते.

शेवटी आपल्या लोकांसाठी खास सूचना, नावाची. परीक्षेची नोंदणी पिअर्सन व्ह्यूमार्फत होते आणि तिथले नाव ओळखपत्राशी जुळावे लागते. आपल्याकडे पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर पतीचे, पदवीवर माहेरचे आडनाव आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर तिसरेच काहीतरी, असा प्रकार सर्रास असतो. जे ओळखपत्र केंद्रावर नेणार त्यावरचेच नाव खात्यात टाका. बदल करायचा असेल तर परीक्षेच्या आदल्या रात्री होत नाही, काही दिवस आधी कळवा. प्रमाणपत्रावर तेच नाव येते, आणि सीसीएनए तीन वर्षांनी नूतनीकरण करताना तेच खाते लागते.