खोकल्याचा माग

चोर पसार झाला, तरी त्याची पावले मातीत राहतात. जाणता माणूस ती पाहून चोर कुठून आला नि कुठे गेला, हे सांगू शकतो. विषाणूचेही तसेच आहे. तो अंगातून निघून जातो, पण रक्तात खूण ठेवतो. अशा खुणांवरून कुत्र्यांच्या एका नव्या रोगाचा माग कसा लागला, ती हकिकत मला मोठी मनोवेधक वाटते. धर्मराजाच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या या प्राण्यासाठी माणसानेही कधी वाट तुडवावी, हे न्यायाचेच आहे!

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात तेव्हा ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती चालत. २०२० अखेर त्या कायद्याने बंद झाल्या. जानेवारी २००४ मध्ये तिथल्या एका मैदानावर २२ कुत्री आजारी पडली. जिथे पुष्कळ कुत्री एकत्र राहतात, तिथे खोकला यायचाच, आणि बहुधा तो आपोआप बराही होतो. पण या खेपेला आठ कुत्री दगावली. त्यांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला होता.

फ्लॉरिडा विद्यापीठातील सिंडा क्रॉफर्ड यांनी कारण शोधायला घेतले. नेहमीचे संशयित जंतू निर्दोष सुटले. अखेर कॉर्नेल विद्यापीठात एडवर्ड डुबोव्ही यांच्या प्रयोगशाळेत एका मृत कुत्र्याच्या फुफ्फुसातून विषाणू वाढवता आला. तो निघाला फ्लूचा! कुत्र्यांत पसरणारा फ्लू तोवर अमेरिकेत कोणाला ठाऊक नव्हता. त्याची जनुके वाचल्यावर कूळही कळले. १९६३ साली मायामीच्या घोड्यांत प्रथम आढळलेला एच३एन८ हाच त्याचा पूर्वज. चाळीस वर्षे तबेल्यात काढून स्वारीने बिऱ्हाड हलवले होते.

पण एका फुफ्फुसावरून साथ सिद्ध होत नाही. शिवाय फ्लूचा विषाणू नाकाघशात थोडेच दिवस सापडतो. खोकला जोर धरीपर्यंत चोर पसार! म्हणून रक्ताला विचारावे लागते. आजाराच्या आरंभी एकदा आणि दोनतीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचे. विषाणूशी झुंजताना शरीर प्रतिद्रव्ये तयार करते. दुसऱ्या नमुन्यात ती कैक पटींनी वाढलेली दिसली, की लागण नुकतीच झाली हे ठरते. बऱ्या झालेल्या कुत्र्यांच्या रक्ताने हीच साक्ष दिली. त्याच उन्हाळ्यात सहा राज्यांतील १४ मैदानांवर खोकल्याची साथ पसरली.

मग शास्त्रज्ञांनी गोठवून ठेवलेले जुन्या वर्षांचे नमुने बाहेर काढले. २००४ पूर्वीच्या काही कुत्र्यांच्या रक्तातही तीच खूण होती! विषाणू कित्येक वर्षे हिंडत होता, आणि लोक त्याला साधा खोकला म्हणत होते.

पुढे २०१५ साली शिकागोत पुन्हा कुत्री खोकू लागली. आरंभी जुन्याच विषाणूवर संशय गेला. तपासणीअंती तो आशियातून आलेला निराळाच, एच३एन२, निघाला. या दोन्ही फ्लूंची माणसाला लागण झाल्याची नोंद नाही, हे आपले सुदैव.

मला मात्र राहून राहून त्या जुन्या नमुन्यांचेच कौतुक वाटते. कुणीतरी प्रत्येक कुपीवर तारीख घातली आणि ती जपून ठेवली. तिचा उपयोग काय होणार, हे त्याला ठाऊक नव्हते. मुकी जनावरे आपले दुखणे सांगू शकत नाहीत. ते कुणीतरी नीट लिहून ठेवावे लागते.