गौरव, दया आणि पनवेलची खाडी

यहुदी शास्त्रात देवाचे गौरव आणि देवाची दया यांची गाठ एकाच प्रसंगात पडते. निर्गमाच्या पुस्तकातील तेहतिसावा आणि चौतिसावा अध्याय हा तो प्रसंग. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू पुजून करार मोडला आहे, कराराच्या दगडी पाट्या फुटल्या आहेत, आणि नेमक्या अशा वेळी मोशे देवाकडे त्याचे गौरव पाहायला मागतो. देव त्याला खडकाच्या कपारीत उभे करतो आणि स्वतः पुढे जाईपर्यंत वरून हात धरतो. मुख दिसत नाही, पाठ तेवढी दिसते. पाठोपाठ कानी पडते ती देवाच्या गुणांची नामावळी, आणि तिची सुरुवात दयेपासून होते. मागितले दर्शन, मिळाले नाम.

ही नामावळी सगळी गोड नाही. अपराध्याला मोकळे सोडले जाणार नाही, शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाईल, असेही तीत आहे. रब्बींनी प्रार्थनेसाठी तेरा गुण ठरवले तेव्हा हे वाक्य मधेच तोडले. ‘मोकळे’ एवढे ठेवले, पुढचा नकार गाळला. शास्त्रातला प्रत्येक शब्द जपणाऱ्या परंपरेने केलेली ही धाडसी काटछाट आहे. क्षमायाचनेच्या दिवसांत आजही ती तशीच म्हटली जाते.

हिब्रूत गौरवाला ‘कावोद’ म्हणतात. त्याचे मूळ ‘जड’ या अर्थाच्या धातूत आहे. ज्याचे वजन पडते ते कावोद. ‘रहमीम’ म्हणजे करुणा, आणि तिचे नाते ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशयाशी. ‘हेसेद’ ही दिल्या शब्दाला जागणारी, न तुटणारी माया. हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये गेले तेव्हा कावोदसाठी ‘डोक्सा’ हा शब्द योजला गेला. त्याचा मूळ अर्थ मत, लौकिक. म्हणजे वजन गेले आणि नाव उरले. मराठीचे नशीब बरे. ‘गौरव’ हा ‘गुरु’पासून, म्हणजे जडपणापासूनच आला आहे, आणि ‘वात्सल्य’ हा शब्द गाय-वासरापासून. हिब्रूशी कसलाही संबंध नसताना ही जोडी जुळून आली. ‘मंदक्रोध’ हा मराठी पवित्र शास्त्रातला शब्द तर नामावळीतच चपखल बसला.

हे शब्द मराठीत छापले जाण्याच्या कितीतरी आधी त्यांचा देव कोकणच्या किनाऱ्यावर पुजला जात होता. पनवेलच्या खाडीकाठचे उलवे हे आज नवी मुंबईचे उपनगर आहे.  त्याआधी या पट्ट्यात भातखाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. तिथून जवळचे जुने यहुदी प्रार्थनास्थळ म्हणजे पनवेलचे ‘बेथ एल’, १८४९ साली बांधलेले. ते बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाचे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरा आहे. ही माणसे गावोगावी घाण्यावर तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावे गावांवरूनच पडली.

ग्रंथ हरवले होते. ‘शमा’ ही एकेश्वराची कबुली मात्र तोंडपाठ राहिली होती. सणांना मराठी नावे पडली. प्रायश्चित्ताच्या दिवसाला, योम किप्पूरला, ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. पांढरे कपडे, कडक उपास आणि घराचे दार बंद. हिब्रू विधीत त्या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेचे नाव ‘नेइला’, अर्थात दारे मिटणे. दयेची दारे मिटायच्या आत हाक पोहोचावी, हा तिचा भाव. ग्रंथ हाताशी नसताना कोकणातल्या घरांनी तो भाव दाराच्या कडीत जपला, असे म्हणायला हरकत नाही. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या समाजेतिहासात या सणांची तपशिलवार नोंद आहे. तो छापला गेला १९३७ मध्ये.

दार या कल्पनेला मुंबईत दगडाचे रूप आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधले. टिपू सुलतानच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेपोटी ते बांधले, असे सांगतात. त्याचे नाव ‘शआर हा-रहमीम’, दयेचे द्वार. शेजारच्या मशीद स्थानकाचे नावही त्यावरूनच पडले असे मानतात, कारण बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत.

ग्रंथ परतले ते बरेचसे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातून. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल शिकले आणि शिक्षकही झाले. ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. व्याकरण घेतले, सिद्धान्त परत केला. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, निघाली. १८७४ च्या पुण्याच्या हग्गादेत सणाची भाकर करणाऱ्या बायका चक्क साडीत दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर यहुदी कीर्तने उभी राहिली.

ख्रिस्ती बाजूने मराठीची वाट आणखी जुनी. थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. योहानाच्या शुभवर्तमानाने मोशेच्या प्रसंगातली गौरव-दयेची जोडी जशीच्या तशी उचलली आहे: शब्द देही झाला, त्याचे गौरव लोकांनी पाहिले, आणि ते कृपा व सत्य यांनी भरलेले होते. फरक मुखाचा आहे. मोशेला न दिसलेले मुख ख्रिस्तात दिसले, असा ख्रिस्ती दावा. यहुदी परंपरा कपारीतच थांबते. दोन्ही धर्मांतला हा खरा तंटा मराठी भाषांतरांत सहसा जाणवत नाही, कारण दोघांनाही शब्द तेच मिळाले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भाषांतर त्यानंतर प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी तीच दया अभंगात आणली.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पनवेलचे बेथ एल अजून उभे आहे.