वास मोडणारा खार: खाण्याच्या सोड्याची कुळकथा

मराठी स्वयंपाकघरात खाण्याच्या सोड्याला मानाची जागा कधीच नव्हती. भज्यांच्या पिठात चिमूटभर, हरभरे शिजायला कुरकुर करत असतील तर चिमूटभर, एवढेच त्याचे काम. गेल्या काही दशकांत मात्र त्याच्याकडे आणखी एक जबाबदारी आली. दुधाचा वास धरून बसलेली बाटली, भाजी आंबलेला डबा, घामट झालेले बूट, दार उघडताच वास मारणारा फ्रिज, या सगळ्यांवर हाच पांढरा चुरा सुचवला जातो. हे काम त्याला दिले कोणी आणि तो ते खरोखर करतो का, हे पाहायचे तर त्याचे कूळ तपासावे लागते. त्या कुळात इजिप्तचे वाळवंट आहे, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आहे, राज्यक्रांतीच्या धामधुमीतले फ्रान्स आहे आणि न्यूयॉर्कमधले एक स्वयंपाकघरही आहे.

सोड्याचा सर्वांत जुना पूर्वज म्हणजे नेट्रॉन. कैरोच्या वायव्येला वाळवंटात वाडी अल-नत्रून नावाची सखल दरी आहे. तिथल्या उथळ तळ्यांचे पाणी उन्हाने आटले की काठावर खाराचे पापुद्रे उरतात. त्यात धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, मीठ आणि थोडे सोडियम सल्फेट असे मिश्रण असते. प्राचीन इजिप्तमध्ये ते कपडे धुण्यापासून तोंड स्वच्छ करण्यापर्यंत सगळीकडे वापरत. ममी करताना मृतदेह सुमारे चाळीस दिवस कोरड्या नेट्रॉनमध्ये पुरून ठेवत. नेट्रॉन शरीरातले पाणी शोषून घेई आणि आपल्या अल्कधर्मी गुणाने सडवणाऱ्या जीवाणूंना थारा देत नसे. कुजणेच थांबले की दुर्गंधीला कारण उरत नाही. दुर्गंधीशी या खाराचा पहिला मोठा सामना झाला तो असा.

आपल्याकडे याच जातीचा खार लोणारच्या सरोवरात तयार होतो. उल्कापाताने बेसाल्टच्या खडकात पडलेले हे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. हजारो वर्षे उन्हाने फक्त पाणी उडून जात राहिले आणि क्षार मागे साठत राहिले. म्हणूनच सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की काठावर जमणारे खार स्थानिक लोक गोळा करीत. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या भागात काच आणि साबण करण्यासाठी लागणारी द्रव्ये मिळतात, असा उल्लेख आहे. काच, साबण, कापडाची रंगाई आणि पापड, इतक्या निरनिराळ्या धंद्यांना एकच खार लागे. पापडखाराची सवय आपल्या जिभेला आहे, ती याच परंपरेतली. लोणारच्या काठावर उभे राहिले की नाकाला मात्र कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तळाच्या गाळात प्राणवायू पोचत नाही आणि तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. खार काठावर आणि दुर्गंधी तळाशी, अशी ही शेजारघरे पुढेही अनेकदा भेटतील.

सगळीकडे अशी तळी नव्हती. जिथे नव्हती, तिथे माणसाने वनस्पती जाळल्या. खारट जमिनीत किंवा समुद्रकाठी वाढणाऱ्या झुडपांच्या राखेत सोडा असतो. पंजाब आणि सिंधकडे अशा राखेपासून सज्जीखार करीत. आयुर्वेदालाही क्षार चांगले ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार तयार करण्याच्या विधीसाठी एक स्वतंत्र अध्यायच आहे. युरोपात स्पेनच्या किनाऱ्यावरची झुडपे आणि स्कॉटलंडचे समुद्रशेवाळ याच कामी येई.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये साबण, काच आणि कापडाचे धंदे इतके वाढले की राख पुरेना. साध्या मिठापासून सोडा करण्याची रीत शोधणाऱ्याला फ्रेंच विज्ञान अकादमीने बक्षीस जाहीर केले. ती रीत निकोलस लेब्लांकने शोधली. तो ऑर्लिअन्सच्या ड्यूकचा वैद्य होता. 1791 साली त्याला पेटंट मिळाले आणि ड्यूकच्या पैशावर पॅरिसजवळ सां-दनी इथे कारखाना उभा राहिला. पण 1793 मध्ये ड्यूकचा शिरच्छेद झाला, कारखाना सरकारजमा झाला आणि रीत सर्वांसाठी खुली करण्यात आली. बक्षीस लेब्लांकच्या हाती कधीच पडले नाही. पुढे नेपोलियनच्या काळात कारखाना परत मिळाला, तरी तो चालवायला भांडवल नव्हते. 1806 मध्ये लेब्लांकने आत्महत्या केली. आज जगभर स्वच्छतेसाठी वापरल्या जाणाऱ्या या वस्तूच्या मुळाशी एका माणसाची अशी शोकांतिका आहे, आणि ती आठवणीत ठेवणे हे आपले देणे आहे.

लेब्लांकची रीत साधी होती, पण घाण फार करी. मिठावर गंधकाम्ल टाकले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे. नंतर चुनखडी आणि कोळशाबरोबर भाजून सोडा काढला की उरलेल्या चोथ्यात कॅल्शियम सल्फाइड राही. तो वायू इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या धुराड्यांतून आसपासच्या शेतांवर उतरे आणि झाडे करपून जात. विडनेस आणि सेंट हेलेन्स या गावांभोवती चोथ्याचे ढीग साचले. पाऊस पडला की त्यातून तीच कुजक्या अंड्यांची दुर्गंधी सुटे. शहरांतल्या घरांचे कपडे पांढरे करणारा सोडा ज्या वस्तीत तयार होई, तिथल्या लोकांना श्वास घेणे कठीण झाले होते. अखेर 1863 साली ब्रिटिश संसदेने अल्कली कायदा केला. या वायूचा किमान 95 टक्के भाग पाण्यात विरघळवून अडवणे कारखान्यांना बंधनकारक झाले. तपासणीसाठी नेमलेला पहिला मुख्य निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ. आम्लवर्षेच्या अभ्यासाची सुरुवात ज्याच्या नावाने होते, तोच हा रसायनतज्ज्ञ. हवेच्या प्रदूषणावरच्या अगदी सुरुवातीच्या परिणामकारक कायद्यांत या कायद्याची गणना होते.

त्याच सुमारास बेल्जियममध्ये अर्नेस्ट सॉल्व्हे नावाच्या तरुणाने दुसरी वाट काढली. आजारपणामुळे त्याला विद्यापीठात जाता आले नव्हते. तो काकांच्या गॅसच्या कारखान्यात काम करी आणि तिथे अमोनिया मुबलक असे. मिठाच्या दाट पाण्यात अमोनिया मुरवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की सोडियम बायकार्बोनेट, म्हणजेच खाण्याचा सोडा, तळाशी बसतो. तो तापवला की धुण्याचा सोडा मिळतो. अमोनिया जवळजवळ सगळा परत वापरता येतो. 1861 मध्ये पेटंट आणि 1863 मध्ये कंपनी अशी त्याची सुरुवात झाली. काही दशकांत लेब्लांकची रीत मागे पडली. भारतात गुजरातच्या ओखामंडळात मिठापूर इथे 1939 साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी समुद्राच्या पाण्यापासून मीठ आणि त्या मिठापासून सोडा असा तिथला क्रम आहे.

सोडा स्वयंपाकघरात शिरला तो मात्र अमेरिकेतून. शुद्ध बायकार्बोनेट 1801 मध्ये बर्लिनचे औषधनिर्माते व्हॅलेंटिन रोझ यांनी तयार केले, असे मानले जाते. 1846 साली जॉन ड्वाइट आणि त्याचा मेहुणा डॉ. ऑस्टिन चर्च यांनी न्यूयॉर्कमध्ये, ड्वाइटच्या स्वयंपाकघरात, सोडा कागदी पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली. घरोघरी पाव भाजले जात तोवर हा धंदा जोरात होता. पुढे बायका घराबाहेर कामाला जाऊ लागल्या, पाव दुकानातून येऊ लागला आणि सोड्याचा खप घसरला. तेव्हा त्यांच्या आर्म अँड हॅमर या ब्रँडने 1972 मध्ये एक जाहिरात काढली. सोड्याचे खोके उघडून फ्रिजमध्ये ठेवा, वास नाहीसा होईल. जुने झालेले खोके फेकू नका, बेसिनच्या मोरीत ओता, असेही पुढे सांगण्यात आले. अमेरिकेतल्या घराघरांत ती सवय झाली आणि तिथून ती जगभर पसरली. वास घालवण्याचे जे काम आपण आज सोड्याकडून अपेक्षितो, ते मुख्यतः या जाहिरातीने त्याला दिले.

ती जाहिरात किती खरी? अर्धी खरी. अनेक घरगुती वास आम्लांचे असतात. आंबलेल्या दुधातले ब्युटिरिक आम्ल, घामट मोज्यांतले आयसोव्हॅलेरिक आम्ल, शिळ्या खरकट्यातले ॲसेटिक आम्ल. ही आम्ले सहज उडतात, म्हणून नाकापर्यंत पोचतात. सोडा त्यांना भिडला की त्यांचा क्षार बनतो. क्षार हवेत उडत नाही, आणि जे उडत नाही त्याचा वास येत नाही. अत्तर किंवा अगरबत्ती दुर्गंधीवर दुसरा वास टाकते. सोडा मूळ वासच मोडतो. पण त्यासाठी त्याने आम्लाला प्रत्यक्ष भिडले पाहिजे. फ्रिजच्या कोपऱ्यात उघड्या खोक्यात पडलेल्या सोड्याचा थोडासाच पृष्ठभाग हवेला लागतो. त्यामुळे त्याचा उपयोग मर्यादित राहतो. तोच सोडा कोमट पाण्यात विरघळवून फ्रिजचे कप्पे आणि दाराचे रबर पुसून काढले तर कितीतरी जास्त काम होते. थर्मास, डबा, बाटली यांत लिटरभर कोमट पाण्याला दोन-तीन चमचे सोडा घालून काही तास ठेवावे आणि मग धुवावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र सोडा लावू नये. ती काळवंडतात.

प्रत्येक वास आम्लाचा नसतो. मासळीचा वशाट वास ट्रायमिथाइल अमाइनचा असतो आणि ते द्रव्य अल्कधर्मी आहे. त्यावर सोडा उलट काम करतो, तिथे आम्लच हवे. कोकणात आणि गोव्यात मासळी साफ केलेल्या हातांना लिंबू, चिंच किंवा आमसुलाचे पाणी लावतात. त्यामागचे कारण हेच, आणि हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीचे आहे. लघवीचा जुना वास अमोनियाचा, तिथेही व्हिनेगर किंवा लिंबू. कांदा-लसणाचे वास गंधकयुक्त द्रव्यांचे. ती सोडा किंवा लिंबाला सहसा दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी वारा, ऊन किंवा कोळसा. पावसाळ्यात कपाटाला येणारा कुबट वास बुरशीचा. ओल गेली नाही तर कोणताही खार तो कायमचा घालवू शकत नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय आजकाल सगळीकडे सांगितला जातो. फेस भरपूर येतो आणि काहीतरी मोठे घडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात दोघे एकमेकांनाच संपवतात. उरते ते पाणी, थोडा सोडियम ॲसेटेट आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. दोन चांगल्या वस्तू एकाच वेळी वाया जातात. दोन्ही वापरायचेच असतील तर वेगवेगळ्या वेळी, मध्ये पाण्याने धुऊन वापरावेत.

या कुळाचा सगळा प्रवास पाहिल्यावर माझे मत ठाम आहे. खाण्याचा सोडा हे आपल्या घरातले एक स्वस्त आणि खरेखुरे उपयोगी द्रव्य आहे. सुगंधी स्प्रेच्या महागड्या डब्यांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवणे शहाणपणाचे आहे. पण तो सर्व वासांवरचा इलाज नाही. घरात वास येऊ लागला की आधी तो कशाचा आहे ते ओळखा. आंबूस असेल तर सोडा, वशाट असेल तर लिंबू किंवा आमसूल, कुबट असेल तर ऊन आणि वारा. एवढे लक्षात ठेवले तर घरातले बहुतेक वास काही रुपयांत जातील.