भात्यात काय नाही? : स्की, हिम आणि निवडीचा इतिहास

इंग्रजी बोलणारे स्कीपटू आपल्याजवळच्या स्कींच्या संग्रहाला ज्या शब्दाने संबोधतात, त्याचा मराठी अर्थ 'भाता' असा होतो. हे रूपक आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. महाभारतातील युद्धपर्वे वाचलेल्याला ठाऊक असते की वीराच्या भात्यात नुसते 'बाण' नसतात; क्षुरप्र असतात, भल्ल असतात, नाराच असतात, अर्धचंद्र असतात. प्रत्येकाचे पाते निराळे, प्रत्येकाचे काम निराळे. भात्याचे बळ बाणांच्या संख्येपेक्षा त्यांच्यातील भेदात अधिक असते. ज्याच्याजवळ स्कीची एक-दोन जोड्यांची सामग्री आधीच आहे, त्याने तिला पूरक म्हणून पुढची जोडी कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता दुकानातला वाटतो. परंतु त्याचा माग काढू लागलो की आपण थेट अश्मयुगापर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणूनच त्याचा इतिहास येथे थोडक्यात मांडावा असे आम्हांस वाटते.

प्रथम भाषेची एक अडचण दूर केली पाहिजे. मराठीत आकाशातून पडणारा भुसभुशीत पदार्थ आणि पेल्यात घालायचा खडा या दोहोंना आपण 'बर्फ'च म्हणतो. त्यात आपला दोष नाही. आपल्या आकाशातून पडते ते पाणी, आणि पाण्याच्या बाबतीत आपली भाषा मुळीच गरीब नाही. वळीव, झड, भुरभुर, सर, संततधार हे सारे पाऊसच, पण त्यांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. साधनेही तशीच : वाकून भात लावणाऱ्या बाईला इरले लागते, गुरांमागे हिंडणाऱ्याला घोंगडी. या लेखात पडणाऱ्या पदार्थास आम्ही 'हिम' म्हणू व गोठून टणक झालेल्यास 'बर्फ'. एस्किमोंच्या भाषेत हिमासाठी शेकडो शब्द असल्याची दंतकथा भाषाशास्त्राच्या वर्गात अनेकांनी ऐकली असेल. ती संख्या एका लेखकाकडून दुसऱ्याकडे जाताना कशी फुगत गेली, हे लॉरा मार्टिन यांनी १९८६ साली दाखवून दिले. उत्तरेकडील लोकांनी हिमाचे किती प्रकार ओळखले होते हे शोधायचे, तर शब्दकोशाइतकीच त्यांच्या पायाखालची फळी पाहावी. वापरणाऱ्याला हिमाविषयी काय ठाऊक होते, ते तिच्या लांबी-रुंदीत उतरलेले असते.

या फळीचे वय फार मोठे आहे. स्वीडनमधील काल्व्हट्रेस्क येथे १९२४ साली सापडलेली स्की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे ती विषम जोडी. उत्तर युरोपाच्या मोठ्या प्रदेशात शतकानुशतके डाव्या व उजव्या पायाच्या स्की एकसारख्या नसत. एक लांब, गुळगुळीत, घसरण्यासाठी. दुसरी आखूड, तळाला केसाळ कातडे लावलेली, रेटा देण्यासाठी. कातड्याचे केस मागच्या दिशेला वळलेले असल्याने पुढे सरकताना ते आड येत नाहीत, मागे घसरू लागताच हिमात रुततात. फिनिश भाषेत लांब स्कीला 'ल्युल्यु' आणि आखूड स्कीला 'काल्हु' अशी स्वतंत्र नावे आहेत. ओलाउस माग्नुस याने १५५५ साली रोममध्ये छापलेल्या उत्तरेकडील लोकांच्या इतिहासात एक स्की दुसरीपेक्षा फूटभर लांब असल्याचे नोंदवले आहे. अठराव्या शतकात नॉर्वेच्या स्की-पलटणींतही अशीच विषम जोडी वापरात होती. आजचा स्कीपटू ज्या दोन गुणांसाठी दोन वेगळ्या जोड्या विकत घेतो, ते दोन्ही गुण त्या काळी एकाच माणसाच्या दोन पायांत वाटून दिलेले होते. भाता होता, पण तो पायातच होता.

'कालेवाला' या फिनिश महाकाव्याच्या तेराव्या सर्गात हीच जोडी येते. हीसी या दुष्ट शक्तीचे सांबर पकडून आणण्याची अट लेम्मिन्कायनेनला घातली जाते आणि तो ल्युलिक्की नावाच्या कारागिराकडून स्की करवून घेतो. कारागिराच्या नावातच लांब स्कीचे नाव दडलेले आहे, हे रसिकांच्या ध्यानात येईल. स्की उत्तम होतात; मग या पृथ्वीवर आपल्या तावडीतून काहीच सुटणार नाही अशी बढाई हा वीर मारतो, सांबर हाती लागताच भावी सुखाची स्वप्ने रंगवतो, आणि सांबर निसटल्यावर रागाच्या भरात असा रेटा देतो की दोन्ही स्की मोडतात. कथेचे तात्पर्य गर्वहरणाचे आहे, हे खरेच. तथापि तिच्यात साधनाविषयीचे एक शहाणपणही आहे : उत्तम स्कीदेखील हिमाशी जुळवून घेणाऱ्या पायासाठी असते, हिमावर मात करायला निघालेल्या पायासाठी नसते.

आता दंतकथेकडून नोंदींकडे वळू. १८८८ साली फ्रिट्योफ नानसेन याने पाच सोबत्यांसह ग्रीनलंडची हिमचादर पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडली. सोबत्यांपैकी सॅम्युएल बाल्टो व ओले राव्ना हे दोघे सामी होते, म्हणजे स्की हा ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होता त्या समाजातले. नानसेनने नेलेली सामग्री हा निवडीच्या विचाराचा एक नमुनाच आहे. नऊ जोड्या : दोन ओक लाकडाच्या, सात बर्चच्या. बर्चच्या स्कींना तळाला पातळ पोलादी पत्रा ठोकलेला होता आणि पावलाखाली पत्र्यात खिडकी ठेवून तीत एल्क हरणाच्या कातड्याची पट्टी बसवलेली होती. पत्रा होता दाणेदार, ओल्या हिमावर सहज घसरता यावे म्हणून. कातडे होते चढावर मागे घसरू नये म्हणून. शिवाय काही हिमजोडे, म्हणजे पायाला बांधायच्या जाळीदार चौकटी, बरोबर होत्याच. एका संभाव्य हिमाला एक साधन, असा हा हिशेब होता.

प्रत्यक्षात काय घडले? ज्या ओल्या हिमासाठी पत्रे ठोकले होते ते वाटेत भेटलेच नाही. त्यांच्यावाचूनही चालले असते, असे नानसेनने मागाहून मोकळेपणाने लिहिले. भेटले ते निराळेच. हिमचादरीच्या अंतर्भागात पारा उणे चाळीस अंशांच्या आसपास उतरला आणि हिम वाळूसारखे झाले. याचे कारण आज आपण सांगू शकतो. स्की सरकते ती मुख्यतः घर्षणाच्या उष्णतेने वितळलेल्या, अतिशय पातळ अशा पाण्याच्या थरावरून. कडाक्याच्या थंडीत तो थर पुरेसा तयारच होत नाही, आणि स्फटिकांच्या तीक्ष्ण कडा फळीला धरून ठेवतात. उलट हिम फार ओले झाले तर पाणी अति होऊन फळी चिकटू लागते. म्हणजे एकाच फळीला कोरड्या हिमात पाणी कमी पडते आणि ओल्या हिमात ते जास्त होते. कोणतीही एक स्की सर्वत्र उत्तम असू शकत नाही, याचे मूळ या साध्या भौतिक वस्तुस्थितीत आहे. नानसेनची निवड चुकली असे आम्ही म्हणणार नाही. ती अदमासाची होती, आणि अदमास बांधल्यावाचून निवड करताच येत नाही.

त्याचे ग्रंथरूप वृत्त १८९० साली प्रसिद्ध झाले आणि मध्य युरोपात स्कीची लाट आली. ते वाचून ऑस्ट्रियातील मथियास झ्डार्स्की याने नॉर्वेहून स्की मागवल्या, आणि लवकरच त्याला कळून चुकले की नॉर्वेच्या लांबलचक माळांसाठी घडलेली ही फळी आल्प्सच्या उभ्या उतारांवर वळत नाही. त्याने ती आखूड केली, पाऊल घट्ट धरणारा धातूचा बंध तयार केला आणि १८९६ च्या सुमारास आपले तंत्र पुस्तकरूपाने मांडले. त्याआधी नॉर्वेतच तेलेमार्कच्या सोंद्रे नूरहाइमने (१८२५–१८९७) कमरेत बारीक केलेली स्की लोकप्रिय केली होती. बारीक कमरेमुळे फळी कडेवर कलताच वळण घेते. १९२६ साली साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने पोलादी कडांचे पेटंट घेतले आणि टणक बर्फावरही पकड मिळू लागली. एक फळी माळाची, एक उताराची, एक बर्फाची, अशी कुळे वेगळी होत गेली. लांब पल्ल्याच्या स्कीवाल्यांनी तर दुसराच मार्ग काढला. फळी तीच ठेवून ते मेण बदलू लागले : थंडीला हिरवे, त्याहून सौम्य हवेला निळे, उबेला तांबडे, आणि वितळून पुन्हा गोठलेल्या जुन्या हिमाला 'क्लिस्टर' नावाचे चिकट द्रव्य, जे पेटेर ऑस्टबी याने १९१३ च्या सुमारास सिद्ध केले. मेणाच्या डबीत हिमाचे असे वर्गीकरणच भरलेले असे.

यानंतर विसाव्या शतकाचा उत्तरार्ध येतो, आणि त्याच्यासोबत 'सर्वांसाठी एकच' ही आकांक्षा. हॉवर्ड हेड या अमेरिकन विमान-अभियंत्याने १९५० साली अॅल्युमिनियम व लाकूड यांची संयुक्त स्की बाजारात आणली. १९७४ साली फालुन येथील जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या माग्ने म्युर्मोने पंधरा किलोमीटरची शर्यत लाकडी स्कीवर जिंकली. लाकडावर मिळालेले ते शेवटचे जागतिक अजिंक्यपद. त्याच स्पर्धेत काचतंतूच्या स्कीने आपले वर्चस्व दाखवून दिले होते. साधने टिकाऊ झाली, एकसारखी झाली, कारखान्यातून जोडीजोडीने बाहेर पडू लागली. विषम जोडीची कल्पनाही आता विचित्र वाटू लागली.

परंतु हिम काही एकसारखे झाले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अॅटॉमिक कंपनीने ताज्या, खोल हिमासाठी रुंद स्की काढली, तेव्हा तिला हसणारे पुष्कळ होते. १९९३ साली एलान कंपनीची खोल कमरेची स्की आली आणि टणक उतारांवरील वळणांचे तंत्रच पालटले. २००२ साली शेन मॅककाँकी याच्या कल्पनेतून 'स्पॅट्युला' जन्मली : मध्ये रुंद, टोकांना निमुळती, दोन्ही अंगांनी वर वळलेली, जणू पाण्यावर चालणारी फळी. खोल हिमात ती अद्‍भुत, टणक उतारावर कष्टाची. एकच फळी सर्वत्र चालावी असा आग्रह सोडल्याखेरीज तिचा विचारच सुचला नसता. आणि गेल्या दशक-दीड दशकात लांब पल्ल्याच्या स्कींमध्ये पावलाखाली मोहेर लोकरीची केसाळ पट्टी पुन्हा दिसू लागली. नानसेनच्या एल्क-कातड्याची, किंबहुना त्या जुन्या 'काल्हु'ची ही नात म्हणावी लागेल.

या इतिहासातून निवडीचा एक नियम हाती लागतो. नवी जोडी निवडताना 'सर्वांत चांगली कोणती' हा प्रश्न निरर्थक आहे; 'आपल्या जोड्या कोणत्या हिमावर आपल्याला सोडून जातात, आणि ते हिम आपल्याला किती वेळा भेटते' हा प्रश्न सार्थ आहे. पावलाखाली पंचाण्णव मिलिमीटर रुंद जोडी असणाऱ्याने शंभराची घेतली, तर भात्यात बाण वाढतो, बळ वाढत नाही. त्याने एक तर पंचाहत्तरच्या आसपासची, टणक हिमावर धरून राहणारी घ्यावी, नाही तर एकशे दहाच्या पुढची, खोल हिमावर तरंगणारी. पण जे खोल हिम वर्षातून दोनच दिवस पडते त्यासाठी जोडी घेणे म्हणजे नानसेनचे पत्रे ठोकणे होय. आणि जुनी झिजलेली जोडी टाकू नये. हंगामाच्या आरंभी हिमाखालून दगड डोकावत असतात, तेव्हा तिच्याइतकी उपयोगी दुसरी नसते.

ही शेवटची सूचना आता केवळ काटकसरीची राहिलेली नाही. गुलमर्गला १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 'स्की क्लब ऑफ इंडिया' स्थापला, तो तेथील हिमाच्या भरवशावर. त्याच गुलमर्गचे उतार जानेवारी २०२४ मध्ये बराच काळ उघडे पडले होते, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा हिमाअभावी मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. भात्यात उद्या कोणते हिम गृहीत धरावे, हे सांगणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

नॉर्वेतील डिगरव्हार्डन येथील बर्फातून २०१४ साली सुमारे तेराशे वर्षांपूर्वीची एक स्की बाहेर आली आणि तिची जोडीदारीण त्याच जागी २०२१ साली, सात वर्षांनी. दोघी मापाने तंतोतंत सारख्या नाहीत. त्यांच्यावर दुरुस्तीच्या खुणा आहेत. कोणी तरी त्या झिजवल्या, डागडुजी केली, पुन्हा वापरल्या. त्याच्यापाशी जे होते त्यात जे कमी होते ते भरून काढले. अशी जोडी आज आपल्याला पाहायला मिळते, कारण तिला तेराशे वर्षे सांभाळणारे बर्फ वितळत आहे. स्कीच्या इतिहासाची नवी पाने ज्या ऊबेमुळे उघडत आहेत, तीच ऊब स्कीच्या पायाखालचे हिम नेत आहे.